व्हॉट्सॲपवरची एक मराठी आरोग्यसेवा : खानापूर तालुक्यातून चौदा महिन्यांचा अनुभव

बेळगावातील काही डॉक्टर आणि परिचारिका मिळून व्हॉट्सॲपवरून मराठीत आरोग्यविषयक माहिती पाठवण्याची एक मोफत सेवा चालवतात. खानापूर तालुक्यातील आमच्या गावात मी ती गेले चौदा महिने नियमितपणे वापरते आहे. म्हणजे स्वतः ऐकते, शेजारपाजारच्या बायकांना ऐकवते आणि आमच्या गल्लीच्या गटावर पुढे पाठवते. मराठी प्राथमिक शाळेत शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे गावातली निम्मी तरुण मंडळी माझ्या वर्गातून गेलेली आहेत, आणि त्यामुळे कोणी खरोखर ऐकले, कोणाला पटले आणि कोणी नुसती मान हलवली, हे मला थोडेफार कळते. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे तिच्या एका चुकीबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे, आणि ही माणसे आपापली नोकरी आणि दवाखाना सांभाळून, पदरचा वेळ घालून हे काम करत आहेत. बेळगाव-खानापूर भागातील ज्यांच्या फोनवर ती येते, त्यांना ती वर्णनावरूनच ओळखू येईल.

सेवेची रचना साधी आहे. त्यांचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन करून 'मराठी' एवढा एकच शब्द पाठवला की आपले नाव यादीत जाते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी, म्हणजे बायकांची जेवणे उरकून भांडी पडलेली असतात त्या वेळी, सुमारे अडीच मिनिटांचा आवाजी निरोप येतो आणि त्याखाली तोच मजकूर चार-पाच ओळींत लिहिलेला असतो. रविवारी संध्याकाळी सहा वाजता आठवडाभरात आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे, विचारणाऱ्याचे नाव-गाव न सांगता, एकत्र दिली जातात. या साऱ्यासाठी त्यांनी ब्रॉडकास्ट यादी वापरली आहे. अशा एका यादीत २५६ क्रमांकच मावतात, म्हणून त्यांना अनेक याद्या सांभाळाव्या लागतात. पण या यादीचा मोठा गुण असा, की निरोप शेकडो जणांना गेला तरी आपण दिलेले उत्तर फक्त पाठवणाऱ्यालाच दिसते. यादीत आणखी कोण कोण आहे हे आपल्याला कळत नाही आणि आपण काय विचारले हे शेजारणीला कळत नाही. माझ्या मते या सेवेचे सारे मोल या एका गोष्टीत आहे, आणि नेमकी तीच गोष्ट आता बदलण्याचा त्यांचा विचार चालू असल्यामुळे मी हे परीक्षण लिहायला बसले आहे.

आरोग्याच्या निरोपाला लोक कसा प्रतिसाद देतात, हे पाहायचे असेल तर आधी आमच्या गल्लीचा गट पाहावा. सकाळी साडेसहाला विठ्ठलाच्या चित्रासह सुप्रभात, मग कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, मग वीज जाणार असल्याची सूचना, अशा रांगेत मी रक्तदाबाविषयीचा अडीच मिनिटांचा निरोप टाकते. पहिल्याच मिनिटात सात-आठ अंगठे आणि चार जोडलेले हात उमटतात. निरोप अजून कोणाच्याही फोनवर वाजून संपलेला असणे शक्य नसते. नंतर निरोपाच्या माहितीत जाऊन तो कोणी ऐकला हे पाहिले, की बावीस जणांपैकी पाच-सहा नावे दिसतात, आणि अंगठा दाखवणारे बहुतेक जण त्यांत नसतात. सुरुवातीला मला याचा राग येत असे. वर्गात फळ्याकडे न पाहता 'कळलं बाई' म्हणणाऱ्या मुलांचा येई, तसा. आता येत नाही, कारण त्या अंगठ्याचा अर्थ मला उमगला आहे. दारावरून जाणाऱ्याला आपण 'जेवलीस काय?' असे विचारतो, तेव्हा तिच्या जेवणाची चौकशी करायची नसते. तू दिसलीस, तुला ओळखले, एवढेच सांगायचे असते. गटावरचा अंगठाही तेवढेच सांगतो. बाईंनी काहीतरी चांगले पाठवले, त्यांचा मान राखला. त्यावरून कोणाचा रक्तदाब तपासला जाणार आहे, असे मात्र समजू नये.

तोच निरोप यादीतून खासगीत गेल्यावर काय होते, ते वेगळे असते. रक्तदाबाच्या निरोपानंतर माझ्या शेजारच्या वैनींनी, ज्यांनी गटावर नुसते हात जोडले होते, रात्री साडेनऊला माझ्या ओसरीवर येऊन माझ्याच फोनवरून प्रश्न विचारला : "डॉक्टर, आमच्या ह्यांचं बीपी एकशे साठ हाय म्हणालेत, खरं ते गोळी घ्यायला तयार न्हाईत. एकदा चालू केली की जन्मभर सुटत न्हाई म्हणतात. काय करायचं?" उत्तर तिसऱ्या दिवशी आले. त्यात आधी सांगितले होते, की एकाच वेळच्या मोजणीवरून काही ठरवू नये. शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०/९० च्या वर राहतो का ते पाहावे. मग गोळीबद्दलचे उत्तर होते : गोळीची सवय लागत नाही, रक्तदाब राहतो म्हणून गोळी राहते, मीठ, वजन आणि चालणे यांमुळे तो खाली आला तर डॉक्टर मात्रा कमी करतात, पण ते आपल्या मनाने करू नये. वैनींनी ते उत्तर नवऱ्याला तीनदा ऐकवले. तिसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले, "आधी असं कुणी सांगितलंच न्हाई." त्यांना हे आधी सांगितले गेले होते. दवाखान्यात, घाईत, कानडीत आणि रांगेत मागे चाळीस माणसे उभी असताना सांगितले गेले होते.

कानडीचा उल्लेख तक्रार म्हणून केलेला नाही. आमच्या भागात बाजारहाट, बस आणि कचेरी यांपुरती कानडी बहुतेकांना येते आणि आताची मुले तर ती शाळेतच शिकतात. पण साठीच्या पुढच्या बायकांना कानडी बोललेली समजते, वाचता येत नाही. आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचे फलक कानडीत असतात. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातून येणारे मराठी निरोप वाचता येतात, पण त्यांत सांगितलेली योजना, कार्ड किंवा मोहीम आपल्याकडे लागू आहे की नाही, हे कळत नाही. सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केल्याची घोषणा महाराष्ट्र सरकारने केली, तेव्हा कोणते कार्ड कोणत्या इस्पितळात चालते, हा एकच प्रश्न कितीतरी दिवस सगळीकडे फिरत होता. या सेवेने त्या विषयात राजकारण आणले नाही. दाखल होण्यापूर्वी त्या इस्पितळातील आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाच्या, टेबलावर जाऊन कार्ड दाखवा आणि हो किंवा नाही हे तिथेच विचारून घ्या, एवढे तिने सांगितले. उपयोगी सल्ला असाच असतो.

दोन राज्यांच्या मध्ये असण्याचा आरोग्याच्या निरोपांवर कसा परिणाम होतो, हे मी शाळेत असतानाच पाहिले होते. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सगळ्या मुलांना ती लस द्यायची होती. महाराष्ट्रात तीच मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, कारण देशभर ती टप्प्याटप्प्याने घेतली जात होती. मधल्या काळात आमच्याकडच्या आयांनी चंदगड आणि गडहिंग्लजच्या माहेरी फोन केले, तेव्हा उत्तर आले की इकडे अशी लस कोणी देत नाही. त्याच दिवसांत लसीमुळे मुलांना अपाय होतो, असे सांगणारे आवाजी निरोपही येत होते. ते खोटे होते, पण माहेरहून आलेले उत्तर खरे होते, आणि त्या खऱ्या उत्तराच्या आधारावर खोटा निरोप उभा राहिला. लसीच्या दिवशी माझ्या वर्गातील अठ्ठावीस मुलांपैकी नऊ गैरहजर होती. 'तिकडं देत न्हाईत, मग हितंच का?' हा त्या आयांचा प्रश्न अतिशय रास्त होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते. विचारायला कोणी नव्हते. अशी सेवा तेव्हा असती, तर ती नऊही मुले रांगेत असती असे मी म्हणणार नाही. काही तरी नक्की असती.

आता या सेवेच्या भाषेबद्दल लिहायला हवे, कारण तिथे तिने मला खरोखर थक्क केले. आमचा तालुका भाताचा आणि जंगलाचा. पावसाळ्यात साप घरात येतो, बांधावर असतो, गवताच्या भाऱ्यात असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आलेला सर्पदंशाचा निरोप एका परिचारिकेच्या आवाजात होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. चावलेल्या जागी चिरा देऊ नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. हात-पाय हलू न देता माणसाला सरळ इस्पितळात न्यावे. मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि तेव्हा फारसे दुखतही नाही, म्हणून दुखत नाही तर विष नाही असे समजू नये. हे सारे तिने शांतपणे सांगितले. सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची सरकारी नोंद करणे कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून सक्तीचे झाले आहे, हेही तिने सांगितले. आणि मग ती म्हणाली, "हाताला चावलं असंल तर अंगठी काढा, बांगड्या उतरवा. सूज चढली की त्या रुततात. उतरत नसतील तर वर कापड गुंडाळा आणि बांगड्या वाढवा."

'फोडा' असे ती म्हणाली नाही. आमच्याकडे सवाशिणीच्या हातातली बांगडी फुटली असे कोणी तोंडाने म्हणत नाही. ती वाढली असे म्हणतात, जसा दिवा विझवत नाहीत, वाढवतात. एखाद्या छापील पत्रकाने 'बांगड्या फोडाव्यात' असे लिहिले असते, तर ते वाक्य ऐकणाऱ्या निम्म्या बायकांनी मनातल्या मनात 'इडा पिडा टळो' म्हणून पुढचे ऐकलेच नसते. तो निरोप मी आठ-दहा जणींना माझ्या ओसरीवर बसवून ऐकवला, आणि त्या शब्दावर दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहून मान डोलावलेली मी पाहिली.

श्रावणात, नागपंचमीच्या नंतर, आमच्या मागच्या घरातील सुनेला संध्याकाळी गोठ्यात हाताला काहीतरी चावले. साप कोणाला दिसला नाही. सणाच्या हिरव्या बांगड्यांनी मनगट भरलेले होते. घरात आरडाओरडा झाला, कोणी मंत्र घालणाऱ्याला बोलवा म्हणाले, कोणी हळद आणायला धावले. सासू मात्र आत गेली, साबणाचे पाणी घेऊन आली आणि एकेक बांगडी उतरवू लागली. शेवटच्या चार उतरेनात, हात तोवर भाकरीसारखा फुगला होता. तिने आपल्या पदराचे टोक वर गुंडाळले, उंबऱ्यावर हात टेकवला आणि म्हणाली, "वाढव गं बाई, वाढव." मग गाडीतून तिला तालुक्याच्या सरकारी इस्पितळात नेले आणि तिथून रात्रीच बेळगावला. आठव्या दिवशी ती घरी आली. मंत्र घालणाराही आला होता; गाडी सुरू होत असताना तो बाजूला उभा राहून मंत्र म्हणत होता, आणि त्याला कोणी अडवले नाही की त्याच्यासाठी कोणी थांबले नाही. त्या सासूने गटावर आजवर एकही अंगठा दाखवलेला नाही, कारण तिच्याकडे स्वतःचा फोनच नाही.

निरोप डॉक्टरपेक्षा परिचारिकेच्या तोंडून आलेला आमच्याकडे अधिक ऐकला जातो, हे माझे निरीक्षण आहे आणि त्यामागे जुने कारण आहे. खेड्यातल्या बाळंतपणांना वर्षानुवर्षे नर्सबाईच आलेल्या आहेत. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल ही तोंडाने घ्यायची गोळी किती उपयोगी पडते, याचा जगभर वाखाणला गेलेला अभ्यास २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्याच ग्रामीण भागात झाला. १,६२० स्त्रिया त्यात होत्या, आणि गोळी देणाऱ्या होत्या गावोगावच्या सहायक परिचारिका. तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत अतिरक्तस्राव १२ टक्के जणींना झाला, खरी गोळी मिळालेल्यांत ६.४ टक्के जणींना. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. सेवेने एका शुक्रवारी ही गोष्ट सांगितली, तेव्हा आमच्यातल्या एका आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या नर्सबाईचं नाव तिकडं इंग्लंडात पोचलं म्हणायचं." नाव पोहोचले नसेल, काम पोहोचले.

सर्वांत अधिक प्रश्न कोणत्या निरोपावर आले असतील? मधुमेह किंवा हृदयविकार, असे मला वाटले होते. आमच्या गल्लीपुरते तरी ते मिश्रीवर आले. आठवडे बाजारातून सुटी तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावायची. हे आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचे आयुष्यभराचे व्यसन आहे, आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. दात घासणे म्हणतात. तो निरोप मी गटावर टाकला, तेव्हा एकही अंगठा आला नाही. संपूर्ण शांतता. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना कोणी माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटले, बायका दुखावल्या. पण त्याच आठवड्यात तिघी जणी वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना चुकवून, माझ्याकडे आल्या आणि प्रश्न विचारायला लावले. एकीचा प्रश्न होता, "मिश्री बंद केली की पोट साफ हुईत न्हाई, मग काय करायचं ते बी सांगा म्हणावं." दुसरीची सून गरोदर होती आणि तीही लावत होती. तिसरीला हिरडीवर एक पांढरा चट्टा तीन महिन्यांपासून होता आणि तो तिने नवऱ्यालाही दाखवला नव्हता.

तिघींना मिळालेली उत्तरे मी जपून ठेवली आहेत. पहिलीला सांगितले, की पोटाची ती सवय निकोटीनने लावलेली असते, आठवडा-दोन आठवडे त्रास होईल, सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि कोंड्यासकट भाकरी ठेवा, आणि एकदम सोडणे जमत नसेल तर आधी संध्याकाळची वेळ सोडा. दुसरीला सांगितले, की तंबाखू तोंडात ठेवली तरी ती पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते, बाळ कमी वजनाचे होऊ शकते, म्हणून इथे हळूहळू नव्हे, आजच बंद. आणि सुनेला रागावू नका, कारण तिने ती तुमच्याच घरात उचलली असेल. तिसरीला उत्तर आलेच नाही, तासाभरात थेट फोन आला आणि बेळगावला तपासायला बोलावले. तपासणीत काय निघाले ते मी लिहिणार नाही. ती माझी गोष्ट नव्हे.

त्या निरोपात तंबाखू सोडवण्यासाठी असलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांकही दिला होता. सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पण सुट्या तंबाखूची घरी केलेली मिश्री पाकिटातून येत नाही. तिच्या डबीवर कर्करोगाचे चित्र नसते आणि क्रमांकही नसतो. मिश्री लावणाऱ्या बाईपर्यंत इशारा जायचा असेल, तर तो अशा आवाजातूनच जायला हवा, आणि तो तिने ऐकल्यावर विचारायला दार उघडे असायला हवे.

नेत्रदानाच्या निरोपाला मिळालेला प्रतिसादही चांगला होता. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ ला, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी निधन झाले आणि त्यांच्या नेत्रदानाने चौघांना दृष्टी मिळाली, ही गोष्ट मराठी-कानडी सगळ्यांनाच ठाऊक आहे. सेवेने ती सांगून मग चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, मधुमेह असला तरी नेत्रदान करता येते, असे सांगितले. प्रश्न फार आले नाहीत, शंका कमी होत्या.

खोट्या निरोपांची शहानिशा करण्याचे काम ही सेवा बरे करते, उत्तम नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगावर लिंबूपाणी, हळद, कडुनिंब आणि उपवास यांचा गुण आल्याचे सांगितले, त्यानंतर टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी अशा दाव्यांना पुरावा नाही असे पत्रक काढले. तो व्हिडिओ अजूनही फिरत असतो आणि आमच्याकडेही आला. सेवेने 'हे खोटे आहे' एवढेच म्हटले नाही. त्यांच्या पत्नीने शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही घेतली होती, हे आधी सांगितले, आणि मग हळद जेवणात असायला काहीच हरकत नाही, हरकत हळदीच्या भरवशावर घालवलेल्या महिन्यांना आहे, असे सांगितले. हे छान होते. पण ते व्हिडिओ येऊन तीन आठवडे झाल्यावर आले. तोवर आमच्या गल्लीत कडुनिंबाच्या खालच्या फांद्या ओरबाडून झाल्या होत्या.

आता चुकीबद्दल. मागच्या हिवाळ्यात मिठावर तीन निरोपांची माला आली. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चमचाभर, आणि त्यात लोणचे, पापड, खर्डा, बेकरीची खारी हे सगळे धरायचे, हे त्यांनी फार नेमके समजावले. तिसऱ्या निरोपात बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ वापरा, असे सुचवले होते. अशा मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत किंवा जे रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांच्या रक्तात ते पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस करतानाही मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना त्यातून वगळले आहे. सेवेच्या निरोपात हा इशारा नव्हता. आमच्या गल्लीतील एका तात्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, आणि मी पुढे पाठवलेला निरोप ऐकून त्यांच्या मुलाने तालुक्याहून ते मीठ आणले. सुदैवाने पुढच्याच आठवड्यात त्यांची तपासणी होती आणि तिथल्या डॉक्टरांनी ते बंद करवले. निरोप मी पाठवला होता, म्हणून ती रात्र मला झोप लागली नाही.

सेवेने दुरुस्ती पाठवली, पण पाचव्या दिवशी, आणि इतर मजकुराच्या शेवटी दोन ओळींत. मूळ निरोप मला त्यानंतरही पाच वेगवेगळ्या गटांतून परत आला, त्यातल्या दोन ठिकाणी 'अनेकदा पुढे पाठवलेला' अशा दुहेरी बाणाच्या खुणेसह. दुरुस्ती एकाही गटातून आली नाही. याच सेवेने आम्हाला शिकवले होते, की दोन बाण दिसले की थांबा, कोणी म्हटले ते विचारा. इतरांच्या निरोपांबाबत ही सावधगिरी शिकवणाऱ्यांनी आपला निरोपही एक दिवस तसाच धावेल, हे आधी गृहीत धरायला हवे होते. मी त्यांना तसे कळवले. उत्तरात त्यांनी चूक मान्य केली, सबब सांगितली नाही. तात्यांची चौकशी केली. याचे मला समाधान आहे, पण चुकीच्या निरोपाइतक्याच ठळकपणे, स्वतंत्र आवाजी निरोपाने आणि त्याच दिवशी दुरुस्ती जायला हवी होती, या मतावर मी ठाम आहे.

लहानसहान त्रुटीही आहेत. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे नेटवर्क नसते तेव्हा निरोप तीन-तीन एकदम येतात आणि मग कोणी एकही ऐकत नाही. पुरुषांसाठी वेगळे काही नाही. दारूवर चौदा महिन्यांत एकच निरोप आला. उत्तरे साधारण दोन-तीन दिवसांत येतात, पण गणपतीच्या दिवसांत एका प्रश्नाला नऊ दिवस लागले.

राहिला चॅनेलचा मुद्दा. याद्या सांभाळणे जड जाते म्हणून सेवा आता व्हॉट्सॲप चॅनेलवर नेण्याचा विचार आहे, असे त्यांनी दोन महिन्यांपूर्वी कळवले आणि चॅनेल सुरूही केले. त्यांची अडचण मला कळते. चॅनेलवर कितीही लोक सामावतात, तिथला मजकूर नंतर दुरुस्तही करता येतो, आणि पुढे पाठवला तरी मूळ चॅनेलचा दुवा सोबत जातो, म्हणजे मिठासारखी चूक सावरणे सोपे जाईल. पण चॅनेलवर वाचणाऱ्याला उलट लिहिता येत नाही. अंगठा दाखवता येतो, बदाम पाठवता येतो, हात जोडता येतात. मिश्रीच्या निरोपाला चॅनेलवर एकशे चाळीस अंगठे मिळाले, हे त्यांनी मला मोठ्या आनंदाने सांगितले. आमच्या गल्लीतल्या त्या तिघींपैकी एकीचाही त्यांत समावेश नाही, आणि पांढरा चट्टा असलेली बाई चॅनेलवर कधीच कोणाला सापडली नसती.

म्हणून माझे मत असे. ही सेवा घ्यावी, अवश्य घ्यावी, विशेषतः ज्यांच्या घरात वयस्क बायका आहेत त्यांनी. मात्र चॅनेलवर थांबू नये, यादीत नाव घालून घ्यावे आणि घरातल्यांना प्रश्न विचारायला लावावे. नुसते गटावर पुढे ढकलू नये, चार जणींना बसवून ऐकवावे. औषध, गोळी किंवा मीठ बदलण्याचा सल्ला असेल, तर तो घरातील आजार सांगून आधी उलट विचारून घ्यावा. पाचपैकी चार गुण मी देते. आठ दिवसांपूर्वी प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला तारीख आणि अनुक्रमांक सांगायला त्यांनी सुरुवात केली आहे, म्हणजे दुरुस्ती आली तर ती कोणत्या निरोपाची हे कळेल. याद्या चालू ठेवणार की नाही, हे मी मागच्या रविवारी विचारले आहे. पावसाळा संपेपर्यंत तरी चालू ठेवू, असे उत्तर काल आले.